गिटच्या प्रगत कमांड्स: उद्यमबागेतील चौघांच्या कार्यालयातून एक परीक्षण

आम्ही चौघे जण बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री आणि मशिनिंगच्या लहान कारखान्यांसाठी बिलिंग आणि मालसाठ्याचे सॉफ्टवेअर तयार करतो. पहिल्या दिवसापासून आमचा सगळा कोड गिटमध्ये, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साधनात, आहे. तरीही पहिली तीन वर्षे आम्ही अ‍ॅड, कमिट (बदलांची नोंद करणे), पुश (ती सर्व्हरवर पाठवणे) आणि पुल (तिथून आणणे) या चार कमांड्सच्या पलीकडे गेलो नाही, आणि काही बिघडले की संपूर्ण फोल्डरची प्रत काढून ‘जुने’, ‘नवे’, ‘नवे अंतिम’ अशी नावे देत बसलो. त्यानंतरच्या तीन वर्षांत प्रगत म्हणवल्या जाणाऱ्या कमांड्स आम्ही रोजच्या कामात आणल्या. हे परीक्षण त्या कमांड्सचे आहे. ५ पैकी साडेचार गुण मी आनंदाने देतो. अर्धा गुण का कापला तेही पुढे लिहितो.

गिट विनामूल्य आहे आणि जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुले आहे. लिनक्स कर्नलच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच साधनाचा मोफत परवाना काढून घेतला गेला, तेव्हा लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ते लिहायला घेतले आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, जगभर विखुरलेल्या आणि एकमेकांना न भेटणाऱ्या लोकांसाठी हे साधन घडवले गेले आणि त्यामुळे प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण इतिहास असतो. मोठ्या शहरातील कंपनीत या गोष्टीचे अप्रूप वाटणार नाही. आमचा एक सहकारी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. पावसाळ्यात तिकडे नेटवर्क कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो. त्याच्यासाठी मात्र कमिट करणे, जुना इतिहास चाळणे, ब्रँच (कामाची वेगळी शाखा) बदलणे, दोष शोधणे हे सर्व इंटरनेटशिवाय होणे, हाच या साधनाचा सर्वांत मोठा गुण आहे.

माझ्या मते या सगळ्या कमांड्समध्ये सर्वांत आधी शिकावी अशी एकच आहे, ती म्हणजे रीफ्लॉग. शहरातील एका शिकवणी वर्गात मी दोन महिने गेलो होतो. तिथे रिबेस (आपले कमिट नव्या पायावर किंवा नव्या क्रमाने पुन्हा मांडणे) दुसऱ्या आठवड्यात शिकवला गेला आणि रीफ्लॉगचे नाव शेवटपर्यंत निघाले नाही. परिणाम असा झाला की, रिबेस चालवताना माझा हात थरथरत असे. गिटमध्ये एकदा कमिट केलेले काम सहजासहजी नष्ट होत नाही. ब्रँच दुसरीकडे सरकली तरी जुना कमिट तिथेच पडून असतो. हरवते ती फक्त त्याच्याकडे जाणारी वाट. रीफ्लॉग म्हणजे त्या वाटेची नोंदवही. आपण कोणत्या क्षणी कोणत्या कमिटवर होतो, रिसेट केव्हा केला, रिबेस केव्हा सुरू झाला, हे सर्व तिच्यात ओळीने लिहिलेले असते.

दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका संध्याकाळी आमच्या चिकोडीच्या सहकारिणीने तीन दिवसांचे काम रिबेस करताना चुकून वगळले आणि गोंधळात हार्ड रिसेटही (कमिट न केलेले बदल पुसून ब्रँच दुसऱ्या कमिटवर नेणे) केला. तिचा फोन आला तेव्हा आवाज कापत होता. “दादा, सगळं गेलं हो. आता परत लिहायला बसले तरी सोमवारपर्यंत होणार नाही.” मी तिला फक्त रीफ्लॉग चालवून सातवी-आठवी ओळ वाचायला सांगितली. तिथे रिबेस सुरू होण्याआधीचा तिचा शेवटचा कमिट, तिच्याच शब्दांतल्या संदेशासह, जसाच्या तसा होता. त्या ओळीतील क्रमांकावर नवी ब्रँच काढली आणि तीन दिवसांचे काम दोन मिनिटांत परत आले.

या सोयीच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात, कारण अर्धवट माहितीवर विसंबून मी स्वतः एकदा मार खाल्ला आहे. कोणत्याही ब्रँचवरून पोहोचता न येणाऱ्या कमिटची नोंद रीफ्लॉगमध्ये मुळात ३० दिवस राहते, इतर नोंदी ९० दिवस. ही मुदत सेटिंगमध्ये वाढवता येते. रीफ्लॉग प्रत्येक संगणकाचा स्वतंत्र असतो, तो पुश होत नाही आणि नव्या क्लोनमध्ये, म्हणजे रेपोच्या (कोडच्या पूर्ण साठ्याच्या) नव्या प्रतीत, येत नाही. आणि कमिटच न केलेले काम त्यात कधीही नसते. माझ्या हातून हार्ड रिसेट झाला तेव्हा सकाळपासूनचे दोन तासांचे बदल कमिट केलेले नव्हते. त्यातील एकच फाइल मी अ‍ॅड करून स्टेजवर, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडून, ठेवली होती, ती एफएससीके कमांडच्या लॉस्ट-फाउंड पर्यायाने परत मिळाली. बाकीच्या चार फाइल गेल्या त्या गेल्या. त्या दिवसापासून मी दर अर्ध्या तासाला, संदेश कसाही असला तरी, कमिट करतो आणि नंतर ते नीट लावून घेतो.

आता ज्या कमांडने आमचा व्यवसाय वाचवला असे मी म्हणेन, त्या बायसेक्टविषयी सविस्तर लिहितो.

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघून बाची ओलांडली की शिनोळी लागते. शिनोळी चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात येते, आणि तिथल्या कारखान्यांना उद्यमबागेतून कास्टिंग जाते. रस्त्यावरून जाताना हद्द कुठे संपली हे कळतही नाही, पण बिलात ती स्पष्ट दिसावी लागते. हुबळीच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन कर लागतात, तर शिनोळीला माल गेला की आयजीएसटी हा एकच. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: कर्नाटकाचे २९ आणि महाराष्ट्राचे २७. एका फाउंड्रीच्या हिशेबनिसांनी एक दिवस फोन केला. “अवो, शिनोळीच्या बिलात दोन-दोन टॅक्स पडायलेत की. बघा की जरा.” चुकीच्या शीर्षाखाली भरलेला कर म्हणजे योग्य शीर्षाखाली तो पुन्हा भरायचा आणि आधीच्या परताव्यासाठी अर्ज करायचा. लहान कारखान्याचे खेळते भांडवल त्यात अडकून पडते, म्हणून त्यांचा राग रास्त होता.

प्रश्न असा होता की हे केव्हापासून चुकत होते. दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत शिनोळीची बिले बरोबर निघत होती, आताच्या आवृत्तीत चूक होती, आणि मधे सुमारे १,१०० कमिट होते. एकेक कमिट वाचत बसलो असतो तर आठवडा गेला असता. बायसेक्टची पद्धत शब्दकोशात शब्द शोधण्यासारखी आहे. एक टोक चांगले आणि एक टोक वाईट म्हणून सांगायचे, की गिट बरोबर मधला कमिट समोर आणून ठेवते; तो तपासून चांगला की वाईट ते कळवायचे, की उरलेल्यातला पुन्हा मधला. दर वेळी शोधाचे क्षेत्र निम्मे होत जाते, म्हणून १,१०० कमिटांसाठी दहा-अकरा चाचण्या पुरतात. सुरुवातीलाच साधारण ९ पायऱ्या उरल्याचे पडद्यावर उमटले, तेव्हा माझा त्यावर विश्वास बसला नव्हता.

हे हाताने न करता बायसेक्ट रन वापरावे, असा माझा आग्रह आहे. आम्ही वीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. ती २७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकाचे एक बिल तयार करते आणि त्यात आयजीएसटीची ओळ असल्यास ० परत देते, नसल्यास १. काही जुने कमिट आजच्या संगणकावर चालतच नव्हते. अशा वेळी स्क्रिप्टने १२५ परत दिले की गिट तो कमिट चांगला किंवा वाईट न ठरवता वगळते आणि शेजारचा घेते. हा १२५ आकडा ज्याला ठाऊक नाही त्याचा शोध भलत्याच कमिटवर जाऊन थांबेल, कारण न चाललेला कोड वाईट म्हणून मोजला जाईल. स्क्रिप्ट रेपोच्या बाहेर ठेवणेही तितकेच आवश्यक आहे, नाहीतर गिट जुन्या कमिटवर गेले की स्क्रिप्टचीही जुनी प्रत येते किंवा ती नाहीशीच होते.

आम्ही कमांड चालवली आणि खाली चहाला गेलो. परत येईपर्यंत उत्तर पडद्यावर होते: चौदा महिन्यांपूर्वीचा, ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढाच संदेश असलेला एक कमिट, आणि तो माझाच होता. राज्य ठरवण्यासाठी जीएसटी क्रमांकाऐवजी पत्रव्यवहाराचा पत्ता वाचण्याचा बदल मी त्यात केला होता. शिनोळीच्या कित्येक कारखान्यांचे कार्यालय बेळगावात असल्याने त्यांचा पत्ता बेळगावचा, म्हणून सॉफ्टवेअरने त्यांना कर्नाटकात धरले. फक्त सहा ओळींचा बदल होता. चौदा महिन्यांची तारीख हाती आल्यामुळे नेमकी कोणती बिले तपासायची हे आम्हाला त्याच दिवशी हिशेबनिसांना सांगता आले, आणि त्यांच्या दृष्टीने दुरुस्तीपेक्षाही ती यादी अधिक मोलाची होती.

बायसेक्टचा पुरेपूर उपयोग होण्यासाठी कमिट लहान आणि एकाच विषयाचे असावे लागतात. तो सहा ओळींचा बदल चाळीस फाइलींच्या कमिटमध्ये दडलेला असता तर उत्तर मिळूनही आम्ही शोधतच राहिलो असतो. म्हणून अ‍ॅड कमांडचा पॅच पर्याय आणि इंटरअ‍ॅक्टिव्ह रिबेस (कमिटांची यादी समोर ठेवून ते जोडू किंवा वगळू देणारा) यांची जोडी मला बायसेक्टइतकीच महत्त्वाची वाटते. पॅच पर्यायात एका फाइलमधील बदल तुकड्यातुकड्याने समोर येतात आणि कोणता तुकडा या कमिटमध्ये घ्यायचा ते आपण ठरवतो. तुकडा मोठा असेल तर ‘एस’ दाबून त्याचे आणखी भाग करता येतात. कमिट करून झाल्यावर चूक लक्षात आली तर फिक्सअप कमिट करायचा आणि रिबेसला ऑटोस्क्वॉश सांगायचे, की ती दुरुस्ती आपल्या मूळ कमिटमध्ये जाऊन बसते. दर अर्ध्या तासाचे माझे कच्चे कमिट अशा रीतीने संध्याकाळी चार-पाच नीटनेटक्या कमिटांत बसतात.

रिबेस इतिहास नव्याने लिहितो, त्यामुळे दुसऱ्यांनी घेतलेल्या ब्रँचवर तो करू नये, हे सर्वत्र सांगितले जाते. आम्ही एक पाऊल पुढे जाऊन फोर्स पुश (सर्व्हरवरच्या ब्रँचवर आपली प्रत जबरदस्तीने लादणे) कार्यालयात बंदच केला आहे, कारण माझ्याच एका फोर्स पुशने सहकाऱ्याचे दोन कमिट सर्व्हरवरून पुसले गेले होते. त्याच्या संगणकावर ते शाबूत होते म्हणून निभावले. त्याऐवजी फोर्स-विथ-लीज वापरतो. आपण शेवटचे पाहिले होते त्यानंतर सर्व्हरवरची ब्रँच कोणी पुढे नेली असेल तर हा पर्याय पुश नाकारतो. यातही एक खाच आहे. काही एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत, म्हणजे सर्व्हरवरचे नवे कमिट उतरवून घेत, राहतात. मग सर्व्हरवरचा नवा कमिट आपण डोळ्यांनी न पाहताच गिटच्या लेखी ‘पाहिलेला’ ठरतो आणि पुश बिनदिक्कत निघून जातो. आपोआप फेच बंद ठेवावे, किंवा आवृत्ती २.३० पासून आलेला फोर्स-इफ-इन्क्लूड्स हा पर्याय सोबत द्यावा.

जांबोटीच्या सहकाऱ्यामुळे आम्हाला सापडलेली आणखी एक कमांड म्हणजे बंडल. ती फार थोड्यांना ठाऊक असते. पावसाच्या दिवसांत दोन-दोन दिवस त्याला पुश करता येत नसे. आता तो मुख्य ब्रँचच्या पुढे केलेले सगळे कमिट एका बंडल फाइलमध्ये बांधतो, पेन ड्राइव्हवर घेतो आणि खानापूरमार्गे बसने बेळगावला येतो. आमच्याकडे बंडल व्हेरिफाय चालवले की त्या कमिटांचा पाया आमच्या रेपोत आहे की नाही ते कळते, आणि मग सर्व्हरवरून करावे तसे त्या फाइलीवरूनच फेच करता येते. कमिटांचे क्रमांक, वेळ, कोणी केले, सर्व काही तसेच्या तसे येते. झिप करून कोड पाठवण्यात आणि यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मराठी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. आमच्या पावत्या मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत निघतात आणि काही टेम्प्लेट फाइलींची नावेच देवनागरीत आहेत. स्टेटस पाहिले की गिट ती नावे तिरप्या रेघा आणि ३४०, २४४ अशा आकड्यांच्या रांगेत दाखवत असे आणि कोणती फाइल बदलली हेच कळत नसे. कोअर विभागातील कोटपाथ ही सेटिंग फॉल्स केली की नावे सरळ मराठीत आणि कन्नडमध्ये दिसू लागतात. भाषांतराच्या फाइलींसाठी डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडचा वर्ड-डिफ पर्यायही आवर्जून वापरावा. लांबलचक ओळीतला एकच शब्द बदलला असेल तर साधा डिफ पूर्ण ओळ खोडून पुन्हा लिहिल्यासारखी दाखवतो. वर्ड-डिफ नेमका तेवढाच शब्द दाखवतो, आणि आमच्या कन्नड मजकूर तपासणाऱ्या सहकाऱ्याचे काम त्यामुळे निम्म्यावर आले.

कमिट संदेश आम्ही मराठीत लिहितो आणि लॉगमधून ते शोधताही येतात, पण ‘दुसऱ्या प्रतीचा मथळा’ असा शोध एकदा रिकामाच परत आला. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन कळफलकांवर दोन वेगळ्या रीतींनी टंकला जातो. डोळ्याला तो सारखाच दिसला तरी संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे असतात. हा दोष गिटचा नाही, तरीही त्यात अर्धा दिवस जातो. आम्ही चौघांनी एकच कळफलक ठरवून घेतला आणि प्रश्न मिटला.

वर्कट्रीविषयी थोडक्यात एवढेच की, हातातले काम अर्धवट असताना गिऱ्हाइकाची तातडीची दुरुस्ती आली तर दुसऱ्या फोल्डरमध्ये दुसरी ब्रँच उघडून ती करता येते आणि स्टॅश करण्याची, म्हणजे अर्धे काम तात्पुरते बाजूला ठेवण्याची, गरजच उरत नाही. स्टॅशवर माझा तसाही फारसा जीव नाही. नव्याने तयार केलेल्या, गिटला अजून ठाऊक नसलेल्या फाइली वेगळे सांगितल्याशिवाय स्टॅशमध्ये जात नाहीत आणि नवशिक्याची हमखास फसगत होते.

कापलेल्या अर्ध्या गुणाचे कारण नावांचा गोंधळ हे आहे. चेकआउट ही एकच कमांड ब्रँचही बदलत असे आणि फाइलीतील बदलही पुसत असे. एका अक्षराच्या चुकीने काम जाई. २०१९ मध्ये स्विच आणि रिस्टोअर या दोन स्वतंत्र कमांड्स आल्या, तरीही शिकवणारे अजून चेकआउटलाच चिकटून आहेत. याहून वाईट म्हणजे कॉन्फ्लिक्टच्या (एकाच जागेचे दोन बदल एकमेकांवर आदळण्याच्या) वेळचे ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’. मर्ज करताना, म्हणजे दोन ब्रँच एकत्र करताना, ‘अवर्स’ म्हणजे आपली ब्रँच, पण रिबेस करताना त्याच शब्दाचा अर्थ उलटा होतो आणि आपले स्वतःचे कमिट ‘देअर्स’ ठरतात. रिबेस आपले कमिट समोरच्या ब्रँचवर एकेक करून ठेवत असल्याने यामागे तर्क आहे, हे मला मान्य आहे. पण संध्याकाळी सात वाजता दमलेल्या माणसाकडून त्या तर्काची अपेक्षा ठेवणे योग्य नाही. कॉन्फ्लिक्टची शैली झेडडिफ३ केली की दोन्ही बाजूंसोबत मूळ मजकूरही दिसतो आणि निर्णय सोपा होतो. तोच तो कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा येत असेल तर रीरीरी ही सेटिंग सुरू करावी. ती आपण एकदा काढलेला तोडगा लक्षात ठेवून पुढच्या वेळी स्वतःच लावते.

शेवटचा मुद्दा आमच्याकडच्या कारखान्यांसाठी. पॅटर्नची आणि मशिनिंगची कॅड ड्रॉइंग गिटमध्ये ठेवावीत का, असे मला अनेक जण विचारतात. ठेवू नयेत, असे माझे मत आहे. अशा फाइलींत ओळी नसतात, म्हणून डिफही वाचता येत नाही आणि दोघांचे बदल मर्जही होत नाहीत. एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवणारी गिटची पुरवणी) जोडले तर जागेचा प्रश्न सुटतो, मर्जचा नाही. आम्ही एका गिऱ्हाइकाची ड्रॉइंग वर्षभर रेपोत ठेवली आणि क्लोन करायला इतका वेळ लागू लागला की शेवटी फिल्टर-रेपो हे वेगळे साधन आणून ती पूर्ण इतिहासातून काढावी लागली. त्यामुळे त्या फाइली आल्या तेव्हापासूनच्या प्रत्येक कमिटचा क्रमांक बदलला, आणि चौघांनाही जुनी प्रत टाकून नव्याने क्लोन करावे लागले. तो आठवडा मुसळधार पावसाचा होता, म्हणून जांबोटीच्या सहकाऱ्याची नवी प्रत बंडल करून पेन ड्राइव्हवर घेतली आणि मी स्वतः त्याच्या घरी नेऊन दिली.